कृषी महाविद्यालयाचं कार्यक्रमपत्रक: कुठे नाव नोंदवावं, कुठे नाही

कृषी महाविद्यालयाच्या येत्या हंगामाच्या पत्रकात साधारण ठरलेलीच नावं असतात. माती परीक्षण कार्यशाळा, कलम बांधणी, अळिंबी (मशरूम) उत्पादन, मधमाशीपालन ओळख, शिवारफेरी, एखादं प्रदर्शन आणि चार व्याख्यानं. सगळी एकाच आकाराच्या अक्षरात छापलेली, वेळही बहुतेक सारखीच. दिवस मात्र सारखे जात नाहीत. एका कार्यक्रमातून माणूस स्वतः बांधलेलं कलम घेऊन बाहेर पडतो, दुसऱ्यातून पॅड आणि पेन.

हा फरक पत्रकातूनच बराचसा कळतो. घोटाळा करतो तो ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द. त्यांनी करून दाखवलं तरी ते प्रात्यक्षिक, आणि तुम्ही केलंत तरी प्रात्यक्षिकच. त्यामुळे प्रवेशसंख्या बघा. एका प्रशिक्षकामागे १२-१५ जण असतील तर हाताला काम मिळतं. शंभर जणांचं ‘प्रात्यक्षिक’ म्हणजे पुढच्या दोन रांगांना दिसतं आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. ‘सोबत काय आणावे’ अशी यादी दिली असेल तर ती चांगली खूण. यादी नसेल तर फोन करून एवढंच विचारा: चाकू कुणाच्या हातात असणार?

या कसोटीवर पहिला नंबर माती परीक्षण कार्यशाळेचा. नाव रुक्ष आहे, म्हणून जागा रिकाम्या राहतात. पण प्रयोगशाळेतलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी अहवालातली मोठी चूक बहुतेक वेळा शेतातच झालेली असते, आणि ती कशी टाळायची हे इथे खुरपं हातात घेऊन शिकता येतं. चांगल्या कार्यशाळेत नमुना घेणं हा अर्धा दिवसाचा कार्यक्रम असतो. शेतात नागमोडी चालत १०-१५ ठिकाणं निवडायची. वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा १५ ते २० सेंमी खोल खड्डा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची आणि मग खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून तळापर्यंत दोन-तीन सेंमी जाडीचा सारखा काप काढायचा. चुकतं ते इथे. नवखा माणूस वरची माती जास्त आणि खालची कमी घेतो. सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद (फॉस्फरस) वरच्या थरात जास्त असल्यामुळे अहवाल जमिनीपेक्षा गोड येतो.

सगळे काप प्लॅस्टिकच्या घमेल्यात एकत्र कालवायचे, ढीग सपाट करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, पाणी साचतं तिथे नमुना घ्यायचा नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजकं खुरपं आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली दोन्ही बाद, कारण लोह आणि जस्त तिथूनच नमुन्यात उतरतात. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरणं हा तर नमुना फुकट घालवण्याचा खात्रीचा मार्ग. वाळवणी सावलीत. चिठ्ठ्या दोन, एक आत आणि एक बाहेर, आणि त्या पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण ओल्या मातीत शाई पसरते. फळझाडांसाठी एकच नमुना पुरत नाही. ३०, ६० आणि ९० सेंमीपर्यंतचे थर वेगवेगळे घ्यावे लागतात.

दुपारी प्रयोगशाळा. सामूसाठी (पीएच) एक भाग माती आणि अडीच भाग पाणी, अधूनमधून ढवळत अर्धा तास. मीटर आधी प्रमाणित द्रावणात लावून घेतला का, हे उभं राहून बघा. सेंद्रिय कर्बाची वॉकली-ब्लॅक पद्धत (१९३४) दाखवत असतील तर पुढे सरका. पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण, त्यात तीव्र गंधकाम्ल, अर्धा तास थांबा, आणि मग फेरस अमोनियम सल्फेट थेंबाथेंबाने सोडत जायचं. निर्देशक, म्हणजे रंग बदलून कधी थांबायचं ते दाखवणारं रसायन, डायफेनिलअमाइन असेल तर गडद जांभळा-निळा रंग बघता बघता हिरवा होतो, आणि तो होतो एका थेंबात. दोन थेंब जास्त पडले की आकडा खाली घसरतो. ही पद्धत सरासरी ७७ टक्केच कर्ब पकडते, म्हणून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. तुमच्या अहवालात तो गुणाकार झालाय का, हे तिथेच विचारून घ्या. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत त्यामागे कधीकधी एवढंच कारण असतं.

या कार्यशाळांची कमजोर बाजू शेवटी येते. अहवाल वाचायला शिकवण्यासाठी तासभर हवा, मिळतात पंधरा मिनिटं, आणि तीही चहाच्या गडबडीत. त्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी पदरात पाडून घ्याच. एक, स्फुरद कशाने काढला. विम्लधर्मी मातीला ओल्सेन आणि आम्लधर्मी मातीला ब्रे ही पद्धत योग्य, उलट झालं तर आकड्याला अर्थ राहत नाही. दोन, आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा. पी (स्फुरद) ला २.२९ ने गुणलं की पी-टू-ओ-फाइव्ह, के (पोटॅशियम) ला १.२ ने गुणलं की के-टू-ओ. खताच्या पोत्यावर बहुतेक ठिकाणी ऑक्साइडचा आकडा असतो. अहवाल एका भाषेत आणि पोतं दुसऱ्या भाषेत, मग स्फुरदाची मात्रा दुपटीहून जास्त चुकते.

कलम बांधणीचा वर्ग दुसऱ्या क्रमांकावर, पण एका अटीवर: प्रत्येकाला स्वतःचा चाकू, आणि पहिले दहा काप टाकाऊ फांद्यांवर. थेट रोपावर हात चालवायला दिला तर रोपंही जातात आणि शिकणाराही हिरमुसतो. पाचर कलमात सगळं त्या एका कापावर आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची कलमकाडी, टोकाचा डोळा फुगलेला पण न फुटलेला, पानं ७-१० दिवस आधी देठ ठेवून छाटलेली. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंमी लांबीचा उतरता काप, प्रत्येक बाजू एकाच ओढीत. पेन्सिलीला टोक करतात तसा तीन-चारदा तासला की पृष्ठभाग लाटेसारखा होतो, मध्ये हवा राहते आणि तिथे सांधा जुळत नाही. चांगला काप ओळखायला तो उजेडासमोर सुरीच्या पात्याला टेकवून बघा. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा.

खुंटाला, म्हणजे ज्या मुळावरच्या रोपावर काडी बसवायची त्याला, तेवढीच उभी चीर द्यायची आणि पाचर बसवायची. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मधोमध बसवायचा मोह होतो. दिसायला नीटनेटकं दिसतं आणि मरतं. सालीखालचा हिरवट ओलसर थर, म्हणजे कॅम्बियम, निदान एका बाजूला तरी खुंटाच्या त्याच थराला भिडला पाहिजे, म्हणून काडी एका कडेला सरकवायची. पट्टी खालून वर गुंडाळत आणायची, ताणून. वरून प्लॅस्टिकची टोपी, रोप सावलीत. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं. हे सांगतात सगळे, प्रत्यक्ष पुसायला लावतात थोडे.

घरी नेलेलं कलम दहा दिवस हिरवं राहिलं म्हणून आनंद करू नये. काडी स्वतःच्या साठ्यावरही तेवढी तग धरते. दोन-तीन आठवड्यांनी फुटलेली पानं पसरून कडक झाली की मग सांधा जुळला म्हणायचं. तोवर खुंटावर येणारे फुटवे खुडत राहायचे, आणि सांधा पक्का झाल्यावर पट्टी सोडायला विसरायचं नाही, नाहीतर खोडाला गळफास बसतो. वर्गात हा पुढचा भाग कागदावर छापून देत असतील तर आयोजकांना पूर्ण गुण.

धिंगरी अळिंबीचा एकदिवसीय वर्ग लोकप्रिय आहे आणि अर्धवटही. बीज पेरल्यापासून तोडणीपर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात, आणि वर्गात दिसतो फक्त पहिला दिवस. म्हणून नोंदणीआधी विचारा: दहा दिवसांची, वीस दिवसांची आणि बिघडलेली पिशवी दाखवणार का? बिघडलेली सगळ्यात महत्त्वाची. हिरवी बुरशी आली असेल तर काड (ज्यावर अळिंबी वाढते तो पेंढा) नीट निर्जंतुक झालं नाही किंवा पाणी जास्त राहिलं. देठ लांब आणि छत्री इवलीशी असेल तर खोलीत ताजी हवा कमी पडली. काडाचे तीन ते पाच सेंमीचे तुकडे, भिजवण, मग गरम पाण्यात तासभर, तेही ६५ अंशांच्या वर. ओलावा तपासायला मूठ घट्ट दाबायची. तळवा ओला झाला पाहिजे, थेंब गळता कामा नये. ही मूठ प्रत्येकाने स्वतः दाबून बघितली नाही तर वर्गाला जाण्यात अर्थ नाही, कारण ओलावा शब्दांत सांगता येत नाही. तोडणीच्या खोलीत बीजाणूंनी खोकला होतो, मास्क लावायला सांगतात का तेही बघा.

शिवारफेरीत चालणं भरपूर आणि पाट्याही भरपूर. जायला हरकत नाही, पण उत्पादनाचा आकडा लिहून घेण्याआधी तुलनेचा प्लॉट कुठे आहे ते विचारा. शेजारी नियंत्रणाचा वाफाच नसेल तर समोरचं हिरवंगार पीक हे खताचं, जमिनीचं की पाण्याचं, सांगता येत नाही. दुसरा प्रश्न पुनरावृत्ती किती, म्हणजे तोच प्रयोग किती वाफ्यांत केला, तिसरा कडेच्या ओळी वजनात धरल्या का. कडेच्या झाडांना उजेड आणि जागा जास्त मिळते, ती वजन फुगवतात. १० चौरस मीटरच्या वाफ्यातला आकडा हेक्टरला नेताना हजाराने गुणला जातो, म्हणजे काट्यावरची १०० ग्रॅमची चूक हेक्टरी एक क्विंटल होते. ‘सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) किती आला?’ असं विचारलं की संशोधक खुलतात. दोन वाणांतला फरक त्या आकड्यापेक्षा कमी असेल तर पाटीवरचा पहिला आणि दुसरा क्रमांक निव्वळ योगायोगही असू शकतो.

मधमाशीपालनाची ओळख हातमोजे आणि जाळी पुरेशा असतील तरच. उघड्या पेटीसमोर अर्धा तास उभं राहून फ्रेम हातात मिळाली तर दिवस सार्थकी लागला, नुसत्या पडद्यावरच्या चित्रांसाठी जाऊ नका. व्याख्यानांचं टिपण नंतर मागून घेता येतं. उद्घाटन आणि सत्कार धरून पहिला पाऊण तास सोडून गेलात तरी काही बुडत नाही, फक्त नोंदणीचा टेबल तेवढ्यात उचलत नाहीत ना ते पाहा, कारण प्रमाणपत्राची यादी तिथेच होते.

प्रदर्शनात थांबण्याजोगी जागा एकच, महाविद्यालयाचा स्वतःचा बियाणे विक्री कक्ष. पिशवीवर लॉट क्रमांक, उगवण चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती हे तिन्ही छापलेलं हवं. घरी आल्यावर १०० दाणे न निवडता मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा आणि गोणपाट सुकू देऊ नका. त्या पिकाच्या उगवणीचे दिवस भरले की मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच दाणे मोजा. नुसतं मूळ फुटलेला दाणा धरला की आकडा फुगतो. शंभर दाण्यांच्या चाचणीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होतातच, पण पिशवीवरच्या आकड्यापेक्षा १५-२० ने कमी आलं तर पुन्हा शंभर दाणे लावा, आणि तरी तेच आलं तर पिशवी आणि पावती घेऊन त्या कक्षात परत जा.