सेलरी आणि रेडिस: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे मागे चालणारी कामं तीन तऱ्हेची: ईमेल पाठवणं, अपलोड झालेल्या फाइलींवर प्रक्रिया करणं आणि रात्रीचे मोठे अहवाल. आठ महिन्यांपूर्वी ही सगळी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) काढून सेलरीवर आणली. सेलरी म्हणजे कामं रांगेत टाकून मागे चालवणारी पायथनची लायब्ररी. ब्रोकर, म्हणजे रांग सांभाळणारा, रेडिस हा मेमरीतला डेटाबेस; वर्कर, म्हणजे रांगेतलं काम उचलून करणारे प्रोग्रॅम, चार मशीनवर.

सुरुवात खरंच सोपी आहे. फंक्शनवर सेलरीचा डेकोरेटर (वर लिहायची एक खुणेची ओळ) लावला आणि 'डिले'ने हाक मारली की काम रांगेत. पहिले काही आठवडे कुणाला त्याकडे बघावंही लागलं नाही. मग एका रात्री एकच अहवाल दोनदा गेला, आणि दुसऱ्या रात्रीही तेच.

कारण सापडायला दोन दिवस लागले. वर्कर मध्येच मेला तर काम हरवू नये म्हणून आम्ही 'अॅक्स लेट' चालू केलं होतं, म्हणजे पोच काम संपल्यावर द्यायची. रेडिससोबत सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे पोचेची वाट बघण्याची मुदत, मुळात १ तासाचा असतो. तेवढ्या वेळात पोच आली नाही, तर तो मेसेज दुसऱ्या वर्करला दिला जातो. आमच्या अहवालाला सत्तर मिनिटं लागत होती. पहिला वर्कर धडधाकट काम करत असताना दुसऱ्यानेही तेच काम उचललं. तासाभरापेक्षा पुढची वेळ देऊन ठेवलेल्या कामांनाही हाच नियम लागू होतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आम्ही ते आधी वाचायला हवं होतं.

टाइमआउट वाढवून प्रश्न सुटतो, पण अर्धाच. वर्कर खरोखर बंद पडला तर ते काम तेवढाच वेळ अडकून राहतं. म्हणून आम्ही अहवाल ग्राहकानुसार तोडला, प्रत्येक तुकडा काही मिनिटांचा, आणि अहवाल क्रमांक व तारीख यांच्या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारा नियम) लावला. काम दोनदा धावलं तरी नोंद एकच होते. ईमेलला मात्र हा उपाय पुरा पडत नाही. मेल गेल्याची नोंद आधी केली आणि वर्कर मेला तर मेल जातच नाही. नंतर केली तर कधीतरी दोनदा जातो. पावतीचा मेल दोनदा गेलेला चालतो, न गेलेला चालत नाही, म्हणून आम्ही नोंद नंतर ठेवली.

प्रीफेचचंही, म्हणजे वर्कर किती मेसेज आधीच ओढून ठेवतो याचंही, बघाच. दर प्रोसेसमागे किती हे ठरवणारा गुणक मुळात ४ असतो, म्हणजे आठ प्रोसेसचा वर्कर ३२ मेसेज स्वतःकडे ओढून ठेवतो. त्यात लांबलचक अहवाल असतील तर छोटे ईमेल त्यांच्यामागे अडकतात आणि शेजारचं मशीन रिकामं बसतं. अहवालांची रांग वेगळी केली, तिथे गुणक १ केला, आणि हा त्रास संपला.

सगळ्यात जास्त फरक लॉगिंगने पडला. आधी चार मशीनवर चार फाइली, आणि तक्रार आली की प्रत्येक ठिकाणी शोधत बसायचं. सेलरी प्रत्येक कामाला आयडी देते, पण ते काम वापरकर्त्याच्या कोणत्या रिक्वेस्टमधून आलं हे त्यावरून कळत नाही. आता काम रांगेत टाकताना सेलरीच्या सिग्नलमधून (ठरावीक क्षणी आपलं फंक्शन चालवण्याची सोय) रिक्वेस्ट आयडी मेसेजच्या हेडरमध्ये घालतो, वर्करमध्ये काम सुरू होताना तो वाचतो आणि लॉगच्या प्रत्येक ओळीला जोडतो. ओळी जेसन या ठरलेल्या साच्यात, वेळ यूटीसीत, सगळं एका ठिकाणी जमा. एक आयडी टाकला की बटण दाबल्यापासून मेल जाईपर्यंतची कहाणी क्रमाने दिसते. इथेही एक अडथळा आला: सेलरी सुरू होताना रूट लॉगर (पायथनचा मुख्य लॉगर) स्वतःच्या ताब्यात घेते, त्यामुळे आमचा फॉरमॅट वर्करमध्ये गायब व्हायचा. 'सेटअप लॉगिंग' सिग्नलला आपलं फंक्शन जोडलं की ती हात लावत नाही.

त्याच हेडरमध्ये रांगेत टाकल्याची वेळही घातली. त्यामुळे थांबण्याचा वेळ आणि धावण्याचा वेळ वेगळे दिसू लागले. फाइल प्रक्रिया मंद आहे असं समजून आम्ही कोड सुधारत होतो. प्रत्यक्षात ती कामं नुसती रांगेत उभी होती. यासाठी सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली हवीत, नाहीतर थांबण्याचा वेळ उणेही येतो.

तक्रारीही आहेत. फ्लॉवर हा सेलरीवर नजर ठेवणारा डॅशबोर्ड चालू स्थिती छान दाखवतो, पण वेगळी सोय केली नाही तर रीस्टार्टनंतर मागचा इतिहास जातो. रीट्राय (पुन्हा प्रयत्न) संपूनही न झालेलं काम बाजूला काढून ठेवणारी रांग रेडिसवर आयती मिळत नाही. त्यासाठी आम्ही स्वतःचं टेबल केलं. आणि डेटाबेस कमिट होण्याआधी काम रांगेत टाकलं तर वर्करला नोंदच सापडत नाही. जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क वापरत असाल तर कमिटनंतरच काम टाकणारं 'ऑन कमिट' पहिल्या दिवसापासून लावा.

काही मिनिटांत संपणाऱ्या कामांसाठी मी हीच जोडी पुन्हा घेईन. तासन्‌तास चालणारं आणि तोडता न येणारं काम असेल तर घेणार नाही.

आमचा अलर्ट अजून रांगेच्या लांबीवर आहे. तो सगळ्यात जुनं काम किती वेळ थांबलंय यावर न्यायचा आहे, कारण हजारो ईमेल बघता बघता संपतात आणि तीन अहवाल रांग धरून बसतात.