लिथियम जंप स्टार्टर: गाडी उठवतो, पण कोणती?

चार हजारांच्या आसपास मिळणारा, जाडजूड पॉवर बँकेसारखा दिसणारा आणि बॅटरी बसलेल्या गाडीला तात्पुरता करंट देऊन सुरू करणारा जंप स्टार्टर घ्यावा का? ज्यांची गाडी आठवडेच्या आठवडे पार्किंगमध्ये धूळ खात उभी असते त्यांनी जरूर घ्यावा. पण 'गाडी सुरू होत नाही? आता चिंता मिटली' छापाच्या जाहिरातींवर जाऊ नका. गाडी सुरू न होण्याची पाच-सहा ठळक कारणं असतात आणि हा डबा त्यातल्या एकावरच चालतो, ते म्हणजे बसलेली बॅटरी. सेल्फचे कार्बन झिजलेत, टर्मिनल सैल झालंय, इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) किल्ली ओळखत नाही किंवा टाकीत पेट्रोलच नाही, यापैकी काही असेल तर डबा कितीही महागाचा असो, हिरवा दिवा लावून नुसता बसून राहतो.

म्हणून आमची पहिली शिफारस डब्याची नाही, तीनशे-चारशे रुपयांच्या साध्या डिजिटल मल्टिमीटरची आहे. आणि त्याच्याही आधी कानाची.

किल्ली फिरवल्यावर ऐकू काय येतं? कट-कट-कट-कट असा भराभर आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे त्याच तालावर मंद होत राहिले, तर बॅटरी बसली आहे. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा ओढला जातो. तो कटकटाट म्हणजे हाच झगडा. एकदाच 'टक्' झालं, दिवे लख्ख राहिले आणि पुढे शांतता, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या जाड वायरीवर घ्या. दिवे लख्ख आणि आवाज मुळीच नाही, तर आधी क्लच पूर्ण दाबा, ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर पी वरून एन वर घेऊन बघा, डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकतोय का पाहा. आणि इंजिन घर्रर्र करून नेहमीच्या वेगाने फिरतंय पण पकडत नाहीये, तर बॅटरी निर्दोष आहे. जंप स्टार्टर डिकीतून काढूसुद्धा नका.

आता मीटर. नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल प्रोब पॉझिटिव्हवर, काळी निगेटिव्हवर. गाडी नुकतीच चालवली असेल तर एक मिनिट हेडलाइट लावून बंद करा, नाहीतर वरवरचं व्होल्टेज दिसून फसगत होते. १२.६ च्या पुढे म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे तळाला लागलेली. ११.८ च्या खाली गेली की ती रिकामीच समजा.

पण नुसत्या उभ्या बॅटरीचं व्होल्टेज अर्धंच सांगतं. कोणाला तरी किल्ली मारायला लावून त्या क्षणाचा आकडा बघा. सेल्फ फिरताना ९.६ च्या वर टिकला तर ठीक. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी किल्ली मारताच ७ वर आली, तर ती आतून गेलेली आहे. जंप स्टार्टरने गाडी आज सुरू होईल, उद्या परत तेच. आणि किल्ली मारूनही आकडा १२.४ वरून हललाच नाही, तर करंट वाहतच नाहीये. दोष पुढे कुठेतरी आहे.

इथे एक छोटी चाचणी फार कामाची आहे आणि गॅरेजमध्येही क्वचितच केली जाते. एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा आणि दुसरी त्याच खुंट्यावर बसवलेल्या टर्मिनलच्या पट्टीवर. दोन्हींत अंतर बोटभरही नाही. किल्ली मारताना मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज मधला तो पांढरा-हिरवट चुरा खातोय. अशा गाडीवर लोक नवी बॅटरी टाकतात. ती बसवताना टर्मिनल आपोआप घासून घट्ट होतं, गाडी चालू लागते, आणि जुनी चांगली बॅटरी भंगारात जाते. खरा उपाय असा: बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो, निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून चुरा धुवायचा, खुंटा पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलीनचा हात. हाताने पिळून टर्मिनल जराही फिरत असेल तर ते सैलच आहे.

एवढं करूनही बोट बॅटरीकडेच जात असेल, तर आता डबा काढा.

डब्यावर १२,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असं ठळक लिहिलेलं असतं. हा हिशोब एका सेलच्या ३.७ व्होल्टवर धरलेला असतो. म्हणजे ४४ वॅट-तास. आत बहुधा तीन लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे ११.१ व्होल्टला जेमतेम ४ अँपिअर-तास. हे कमी वाटतं, पण पुरतं. छोटं पेट्रोल इंजिन सेल्फला १०० ते २०० अँपिअर घेतं. २०० अँपिअर चार सेकंद ओढले तरी पाव अँपिअर-तासही जात नाही. तेव्हा एमएएचच्या मोठ्या आकड्यामागे धावू नका. सेल एका झटक्यात किती करंट देऊ शकतात हा खरा प्रश्न आहे, आणि नेमकी तिथेच खोक्यावरची भाषा सैल सुटते. 'पीक २००० अँपिअर' हा क्षणार्धाचा आकडा असतो. सेल्फला लागतो तो दोन-चार सेकंद टिकणारा करंट.

त्यापेक्षा इंजिनाच्या लिटरमध्ये दिलेली मर्यादा वाचा. नोको कंपनीच्या जीबी४० या सुपरिचित मॉडेलवर १००० अँपिअरच्या जोडीला पेट्रोल ६ लिटर, डिझेल ३ लिटर असं दिलेलं असतं. डिझेलसाठी मर्यादा निम्म्यावर येते, कारण डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, ते फिरवायला जोर जास्त. स्वस्तातल्या डब्यावर डिझेलचा आकडाच नसेल आणि दारात बोलेरो किंवा स्कॉर्पिओ उभी असेल, तर तो डबा तुमच्यासाठी नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे क्लॅम्प, बॅटरीला लावायचे चिमटे. खेळण्यातल्या चिमट्यासारखा पातळ पत्रा आणि करंगळीहून बारीक वायर असेल तर पहिल्या प्रयत्नातच वायर गरम होते, आणि ती उष्णता म्हणजे सेल्फपर्यंत न पोचलेली ताकद. वायर आखूड असणं चांगलंच. दोन्ही जबडे तांब्याचे असावेत आणि एकमेकांना वायरीने जोडलेले असावेत. बऱ्याच क्लॅम्पमध्ये एकाच जबड्यातून करंट जातो आणि दुसरा नुसता पकडायला असतो.

लावायची पद्धत खोक्यातल्या कागदावर असते, पण त्यातलं 'का' नसतं. हेडलाइट, एसी, म्युझिक सगळं बंद. डब्याचं स्वतःचं चार्जिंग निम्म्याच्या वर हवं. लाल क्लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. काळा शक्यतो निगेटिव्ह टर्मिनलवर नको, इंजिनाच्या उघड्या धातूवर किंवा बॉडीच्या अर्थिंग बोल्टवर लावा. ट्रॅफिकमध्ये आपोआप बंद-चालू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनललाच बॅटरी सेन्सर बसवलेला असतो. थेट तिथे चिमटा लावला तर बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा हिशोब बिघडू शकतो. शिवाय बॅटरीजवळ ठिणगी पडली नाही तर बरंच. मग निळा प्लग डब्यात खोचा. हिरवा दिवा लागला की किल्ली मारा, तीन-चार सेकंद, जास्त नाही. पकडली नाही तर निदान अर्धा मिनिट थांबा. लागोपाठ किल्ली मारत राहिलात तर आतलं संरक्षण डबा बंद करतं आणि लोक म्हणतात, नवीन माल खराब निघाला.

बॅटरी पार मेलेली असेल, दोन व्होल्टच्या आसपास किंवा खाली, तर क्लॅम्पला आपण बॅटरीला जोडलोय हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. त्यासाठी बूस्ट बटण असतं. ते दाबताना दोनदा लाल-काळा तपासा. बहुतेक डब्यांत त्या अवस्थेत उलट जोडणीचं आणि शॉर्टचं संरक्षण बंद झालेलं असतं. खात्रीशीर चालणारं आणि खात्रीशीर नुकसान करणारं असं एकच बटण आहे ते.

गाडी सुरू झाली की अर्ध्या मिनिटात क्लॅम्प काढा. अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनरेटर) आता १४ व्होल्टच्या वर देतोय आणि तुमचे तीन सेल १२.६ लाच भरतात. चांगल्या क्लॅम्पमध्ये उलटा करंट अडवायची सोय असते. स्वस्तात असेलच असं नाही. मग परत मीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. १२.३ दिसून हळूहळू उतरत असेल तर बेल्ट किंवा अल्टरनेटर बघा, आणि घाट चढायला निघू नका. तो ठीक असला तरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एक चक्कर मारून बॅटरी भरत नाही. ३५ अँपिअर-तासाची तळाला गेलेली बॅटरी तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर ठेवणं हाच उपाय.

डबा जिथे फसतो ती ठिकाणं आपल्याकडे ठरलेली आहेत. सीएनजीची गाडी: बहुतेक किटवर इंजिन पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातं. लोक टाकीत पेट्रोल ठेवत नाहीत, किंवा वर्षभर तेच जुनं पडलेलं असतं. सेल्फ मस्त फिरतो, गाडी घेत नाही. किल्ली नुसती ऑन करून मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाचा बारीक गुणगुणाट येतो का ऐका. बटण स्टार्टच्या गाडीत किल्लीतला सेल संपलेला असतो, अनेक किल्ल्यांत तो सीआर २०३२ असतो, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. तोवर किल्लीच बटणाला टेकवून दाबा, बऱ्याच गाड्यांत चालतं. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का पाहा. लागत नसतील तर ब्रेक स्विच गेलाय आणि बटणाला तुम्ही ब्रेक दाबल्याचं कळतच नाहीये. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, त्यावर हा डबा काय करणार?

आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीवर तो अजिबात लावू नका. पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारलात, तर सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईत २६ जुलै २००५ नंतर हा धडा अनेकांनी महागात घेतला. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. अशी गाडी टो करूनच न्यायची.

याउलट इलेक्ट्रिक गाडीत तो चालतो हे अनेकांना ठाऊक नसतं. तिथेही कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (ती जोडणारे मोठे स्विच) जागे करायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली की भरलेली गाडीही ढिम्म. सेल्फ नसल्याने करंट थोडाच लागतो. मॅन्युअलमधली जोडणीची जागा मात्र आधी बघा.

सर्वात मोठी तक्रार ठेवणीची. वेळेला हाताशी हवा म्हणून तो गाडीत ठेवायचा, आणि उन्हात उभ्या गाडीतली उष्णता लिथियम सेलचा शत्रू. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवला तर फुगणारच. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खोबणीत, कापडात गुंडाळून ठेवा. भर उन्हाळ्यात घरात. दर तीन महिन्यांनी चार्ज करा. कवच जराही फुगलेलं दिसलं तर परत चार्जिंगला लावू नका.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायच्या साध्या जंपर केबलचा पर्याय अजूनही वाईट नाही. ऊन खात पडल्या तरी त्यांना काही होत नाही, फक्त दुसरी गाडी शोधावी लागते. पण रस्त्यावर मिळणाऱ्या 'पाचशे अँपिअर'च्या केबलमध्ये जाड प्लास्टिक आणि आत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमच्या चार तारा असतात. छोट्या पेट्रोलला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५ असा तांब्याचा छेद मागा.

गाडी रोज चालते आणि तरीही बॅटरी बसते, त्यांनी डबा घेऊ नये. बंद गाडी साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट खाते, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ ची बॅटरी निम्मी व्हायला पंधरवडा लागायला हवा. एका रात्रीत बसत असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिममध्ये, डॅशकॅममध्ये किंवा ट्रॅकरमध्ये. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून एकेक फ्यूज काढून ती शोधून घ्या. आणि बॅटरीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची असेल, तर जुनी परत देऊन छोट्या गाडीची नवी बॅटरी साधारण या डब्याच्याच किमतीत येते.