पॅराक्वाट 24% एसएल: द्राक्षबागेत आठ महिने वापरल्यावर

खुरपणीला बायका मिळेनात, म्हणून गेल्या जूनमध्ये निफाडच्या दीड एकर बागेसाठी पॅराक्वाट हे तणनाशक आणलं. कडक उन्हात सकाळी नऊला फवारलं. दुपारी तीनपर्यंत केना, घोळ, माठ माना टाकून पडले होते. दुसऱ्या दिवशी तण करपून तपकिरी. ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मारलं की आठ-दहा दिवस वाट बघायची सवय होती, त्यामुळे मी चकितच झालो.

पण थेंब पडेल तेवढंच जळतं, मुळापर्यंत काही जात नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत शाबूत राहतात, हराळीचंही तेच. पंधरा-वीस दिवसांत दोन्ही पुन्हा हिरवीगार. कोवळ्या हंगामी तणावर मात्र पैसे वसूल.

एकदा पाटाचं गढूळ पाणी वापरलं आणि फवारा वाया गेला. हे औषध मातीच्या कणांना घट्ट चिकटून तिथेच निकामी होतं. म्हणूनच जमिनीवर सांडलेलं वेलीच्या मुळांना बाधत नाही. आता फक्त विहिरीचं पाणी: एकरी 800 मिली, 200 लिटरमध्ये, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 60 मिली. नोझलला हूड, म्हणजे फवारा बाजूला उडू न देणारं झाकण, लागतंच. जुन्या खोडाची साल सोसते, हिरवी फूट नाही. हूड न लावता मारलं तेव्हा नांग्या भरायला (मेलेल्या वेलींच्या जागी) लावलेली चार रोपं माझ्याच हातून गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या विषावर उतारा नाही. घोटभर पोटात गेलं तरी फुप्फुसं कायमची निकामी होऊन माणूस दगावतो. केरळात 2011 पासून यावर बंदी आहे, युरोपीय संघात 2007 पासून. आणि आमच्याकडे एका दुकानदाराने मला ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सुटं देऊ केलं! घरात लहान पोरं असतात, तहानलेला गडी हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. मी तिथेच भांडलो आणि सीलबंद डबा दुसरीकडून घेतला.

पंप गळका असेल तर फवारूच नका. पाठ भिजली आणि कातडीवर जखम असली, तर तिथून ते रक्तात जातं. हातमोजे, गमबूट, चष्मा, मास्क घातल्याशिवाय मी गड्याच्या हातात पंप देत नाही. डबा विहिरीवरच्या खोलीत कुलपात, किल्ली माझ्याकडे.

येत्या पावसाळ्यात दोनच फवारे घेणार आहे, तेही तण चार पानांवर असताना. लव्हाळ्याला खुरपंच लावणार, मजुरी कितीही पडो.