अपघात भरपाईचे ऑनलाइन कॅल्क्युलेटर: तक्ता बरोबर, हिशेब अर्धवट

मोटार अपघातातल्या जखमीला किती भरपाई मिळेल ते सांगणारे फुकट कॅल्क्युलेटर कायदेविषयक वेबसाइटांवर सर्रास सापडतात. वय, उत्पन्न, अपंगत्वाची टक्केवारी भरली की रक्कम हजर. त्यांची जमेची बाजू म्हणजे गुणकाचा तक्ता; गुणक म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो वयानुसारचा आकडा. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातला (२००९) हा तक्ता ठरलेला आहे: २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५. वय मात्र अपघाताच्या दिवशीचे धरायचे. अपघातात ३५ वर्षांचा असलेला माणूस दोन वर्षांनी आजचे वय टाकतो आणि १६ ऐवजी १५ गुणक लावून बसतो. याची सूचना फॉर्मवर हवी.

सगळ्यात महागात पडणारी चूक वजावटीची. मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक तृतीयांश वगैरे कापायचे असते ते मृत्यूच्या दाव्यात. जखमी माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे. तिथे ही वजावट लागू नाही. एकच फॉर्म दोन्हींसाठी वापरणारे कॅल्क्युलेटर ती बिनदिक्कत कापतात. उदाहरण घ्या: वय ३४, स्वतःचा व्यवसाय, महिना २०,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्याच प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारीला भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की महिना २८,०००, वर्षाला ३,३६,०००. गुणिले १६, आणि कमाईची क्षमता ३० टक्के घटली असेल तर १६,१२,८००. एक तृतीयांश कापले की हेच १०,७५,२०० होतात. भविष्यातील वाढ धरलीच नाही तर, वजावट न करताही, ११,५२,०००. जखमींच्या दाव्यातही ही वाढ धरायची, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. जुन्या कॅल्क्युलेटरात ती सापडेलच असे नाही.

दुसरी गफलत टक्केवारीची, आणि तिथे यंत्राला दोष देऊन भागत नाही. सर्टिफिकेटवर ‘उजवा हात ४० टक्के’ लिहिलेले असते, लोक तोच आकडा टाकतात. तो त्या अवयवाचा आहे, संपूर्ण शरीराचा नव्हे. आणि दावा ठरवणारे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण शेवटी कमाईची क्षमता किती गेली ते बघते. सर्वोच्च न्यायालयाच्या राजकुमार निकालातले (२०११) उदाहरण बोलके आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना नसेल तर आलेल्या रकमेवर विसंबू नये. डॉक्टरांची साक्ष आणि तुमचे काम नेमके काय होते याचा पुरावा, यावरच हा आकडा हलतो.

बाकीच्या बाबी बहुधा ‘इतर खर्च’ या एका डब्यात कोंबलेल्या असतात: उपचार, औषधे, येण्याजाण्याचा खर्च, पौष्टिक आहार, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढची शस्त्रक्रिया, वेदना आणि यातना. घरी कायम माणूस ठेवावा लागणार असेल तर त्याचा खर्चही गुणक लावून मागता येतो. डब्यात एकरकमी अंदाज टाकला की हा सर्वात मोठा आकडा हातचा जातो.

जखमीचा स्वतःचा दोष विचारणारे कॅल्क्युलेटर त्यातल्या त्यात बरे. दोष २० टक्के ठरला तर एकूण रकमेतून तेवढे कमी होते. मागे बसलेल्या सहप्रवाशाने मात्र तिथे शून्यच टाकावे; दोन गाड्यांच्या चालकांची चूक त्याच्या माथी मारता येत नाही.

दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज सहसा धरलेले नसते. मुदतीचा उल्लेखही शोधावा लागतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून ६ महिने लिहिलेले आहेत. गंभीर दुखापतीला कोणाचाही दोष सिद्ध न करता याच कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख मिळण्याचा वेगळा मार्ग आहे, तो पर्याय या फॉर्मांत नसतो.

पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन गुणकाच्या तक्त्याचे.