गंगापूर धरण की नांदूर मध्यमेश्वर?

पाण्याकाठी सकाळ घालवायची तर नाशिककरांपुढे गोदावरीवरचेच दोन पर्याय आहेत. गंगापूर धरण शहराच्या जवळ. बोट क्लबवर लाइफ जॅकेट चढवून मुलं मनसोक्त हिंडतात, सायकलवाल्यांनाही हा रस्ता सोयीचा. मात्र शहर हेच पाणी पितं, तेव्हा काठावर प्लास्टिक टाकणाऱ्याला तिथल्या तिथे टोकायलाच हवं.

थंडीत मात्र मी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वरच सुचवेन. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना हक्काचं घर मिळालं. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण! डिसेंबर-जानेवारीत उजाडता उजाडता चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं दिसतात. नशीब असेल तर रोहितही (फ्लेमिंगो). दुर्बीण हवीच, भडक कपडे नकोत. इथे नुसतं शांत बसायचं असतं, त्यामुळे अंगात रग असलेली पोरं कंटाळतात. त्यांना गंगापूरलाच न्या.

पावसाळ्यात गंगापूरमधून विसर्ग सुरू असेल तर दोन्ही बेत पुढे ढकला. तेच पाणी खाली नांदूरला जातं.