घरी सर्व्हर ठेवणाऱ्या नाशिककराने कनेक्शन कोणाचे घ्यावे?

नाशिक शहरात बहुतेक भागांत चार पर्याय समोर येतात: जिओफायबर, एअरटेल, बीएसएनएल आणि भागातला स्थानिक आयएसपी (इंटरनेट पुरवणारा), जो बऱ्याचदा पूर्वीचा केबलवालाच असतो. नुसत्या वेब सिरीज बघणाऱ्या घराला यातले काहीही चालेल. पण घरात नॅस (घरच्या नेटवर्कवरचा फाइल साठवणारा संगणक) ठेवायचा असेल, बाहेरून होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) उघडायचे असेल किंवा दिवसभर मुंबईच्या क्लाउडवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) करून काम करायचे असेल, तर जाहिरातीतला एमबीपीएसचा आकडा सर्वात शेवटी बघा.

आधी आयपीचे, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याचे विचारा. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला. त्यामुळे आता अनेक घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली जातात, हेच सीजीनॅट. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पानावर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता दिसला, की समजायचे. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून येणारी जोडणी आतल्या मशीनकडे वळवा), बाहेरचा माणूस आत येत नाही, कारण पुढचा नॅट (पत्ते बदलणारा टप्पा) कंपनीच्या ताब्यात असतो.

जिओ इथे आयपीव्ही४ साठी सीजीनॅटच देते, पण तिचे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मुबलक पद्धत) चांगले चालते. तुमचा फोन आणि ऑफिसचे नेटवर्क आयपीव्ही६ वर असेल, तर घरच्या मशीनपर्यंत थेट पोचता येते. फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये तशी वाट उघडावी लागते. ऑफिस अजून आयपीव्ही४ वरच असेल, तर वायरगार्ड (एक व्हीपीएन) लावलेला एखादा स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा क्लाउड सर्व्हर) किंवा टेलस्केल (तयार व्हीपीएन सेवा) घ्या. एअरटेलच्या घरगुती कनेक्शनलाही सीजीनॅट गृहीत धरा. स्टॅटिक (न बदलणारा) आयपी हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात. बीएसएनएलकडे अर्ज करून, शुल्क भरून तो मिळतो. स्थानिक आयएसपीकडे मात्र बोलणी होऊ शकतात. मालकाला फोन करून ‘पब्लिक आयपी देणार का, आणि महिन्याला किती?’ असे सरळ विचारायचे. माझ्या मते घरी सर्व्हर चालवणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

दुसरा मुद्दा राउटरचा. जिओ स्वतःचाच ओएनटी-राउटर (ओएनटी म्हणजे फायबर जोडायची पेटी) देते आणि घरगुती ग्राहकाला ब्रिज मोड (त्या पेटीतले राउटरचे काम बंद ठेवण्याची सोय) सहसा मिळत नाही. स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी किंवा मायक्रोटिक राउटर लावणाऱ्याला हे खुपते, कारण त्याचा राउटर कायम दुसऱ्या नॅटमागे राहतो. एअरटेलचा इंजिनिअर ब्रिज करून देतो, पण जोडणीच्या दिवशीच मागून घ्या; नंतर पाठपुरावा करावा लागतो. बीएसएनएल या बाबतीत सर्वात मोकळी: पीपीपीओईचे (लाइनवर लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम-पासवर्ड हातात असतात आणि स्वतःचा ओएनटीही चालतो. स्थानिक आयएसपीही बहुधा पीपीपीओईच देतो.

अपलोड अनेकजण विसरतात. दोन टीबी फोटोंचा बॅकअप २० एमबीपीएसने चढवायला नऊ दिवस लागतात, १०० ने दोन दिवसांच्या आत. फायबरवर अपलोड आणि डाउनलोड सारखे आहेत का, ते लेखी बघून घ्या. तसेच ‘अनलिमिटेड’चेही. मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या प्लॅनवर महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा असते; १०० एमबीपीएसने सलग उतरवले तर ती ७३ तासांत संपते. फाइव्ह-जीवर चालणाऱ्या जिओ एअरफायबरवर ही मर्यादा १००० जीबी आहे आणि अपलोडही फायबरइतका मिळत नाही. मखमलाबाद-आडगावच्या पलीकडे फायबर पोचलेच नसेल तेव्हाच एअरफायबर घ्या. किमतींवर १८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे ९९९ चे ११७९ होतात.

लेटन्सीबद्दल (डेटाचे पॅकेट पोचायला लागणाऱ्या वेळेबद्दल) नाशिककर सुदैवी आहेत. मुंबई रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. प्रकाशाला फायबरमधून जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. मुंबईच्या सर्व्हरचा पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) ३०-४० मिलिसेकंद दिसत असेल, तर तुमचे पॅकेट दूरच्या शहराला वळसा घालून येत असण्याची बरीच शक्यता आहे. शेजाऱ्याकडे ज्याचे कनेक्शन असेल त्यावर रात्री नऊच्या सुमारास एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनला ट्रेसराउट (पॅकेटचा मार्ग दाखवणारी आज्ञा) मारा. नुसत्या स्पीडटेस्टवर विश्वास ठेवू नका, कारण तिचा सर्व्हर बऱ्याचदा आयएसपीच्याच नेटवर्कमध्ये असतो. हा वळसा लहान आयएसपीकडे जास्त आढळतो, आणि तिथे जिओ-एअरटेलचे पारडे जड होते.

आता दुरुस्ती. सिंहस्थाच्या तयारीत शहरात रस्ते खोदले जात आहेत, त्यात फायबर तुटणारच. पावसाळ्यात झाडाची फांदी खांबावरच्या वायरवर पडते ते वेगळेच. अशा वेळी मोठ्या कंपनीकडे तक्रारीचा तिकीट नंबर मिळतो, तर चांगल्या स्थानिक आयएसपीचा मुलगा स्प्लायसिंग (तुटलेले फायबर जोडणारे) मशीन घेऊन संध्याकाळी दारात येतो. बीएसएनएलची बरीच जोडणी स्थानिक भागीदारांमार्फत होते, त्यामुळे इंदिरानगरचा अनुभव नाशिकरोडला लागू पडत नाही. आपल्याच सोसायटीत विचारा.

मी निवड अशी करेन: घरी सर्व्हर असेल तर पब्लिक आयपी देणारा स्थानिक आयएसपी, तो नसेल तर बीएसएनएल. फक्त घरून नोकरी असेल तर जिओ किंवा एअरटेल. आणि पगार याच कनेक्शनवर अवलंबून असेल तर कमी वेगाची का होईना, दुसरी लाइन घ्या. मात्र घेण्याआधी गच्चीवर जाऊन बघा: दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील, तर एका फांदीने दोन्ही जातील. तसे असेल तर दुसरी लाइन एअरफायबरची घ्या, आणि ओएनटी व राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा.