मसाई माराची ग्रुप टूर: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये आईला घेऊन केनियाला गेले होते. आई ६८ वर्षांची. पुण्याहून चोवीस जणांचा ग्रुप, सात रात्री, अंबोसेली, नाकुरू आणि मसाई मारा ही तीन अभयारण्यं. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर सगळंच छान लिहून मोकळी झाले असते. आता काय मनात राहिलं आणि कुठे चुकलं ते नीट कळतंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सात रात्रींत तीन ठिकाणं. अंबोसेली ते नाकुरू हा अख्खा दिवस गाडीत गेला, आणि तिथून मारा गाठायला पुन्हा पाच-सहा तास. आईची कंबर तिसऱ्याच दिवशी धरली. नाकुरूत गेंडे दिसले, पण धावतपळत. अंबोसेली मात्र चुकवू नका. सगळीकडे कोरडी धूळ आणि मधेच हिरवी दलदल, कारण किलिमांजारोवरचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे वर निघतं. त्या चिखलात पोटापर्यंत बुडालेले हत्ती आणि त्यांच्या पाठीवर बगळे. आई म्हणाली, "अगं, आपल्या ओढ्यातल्या म्हशीच की!" डोंगर स्वतः पहाटे जेमतेम दहा मिनिटं दिसला. मग दिवसभर ढग.

आता गाडीबद्दल, कारण ग्रुप टूरचं सगळं सुखदुःख त्यावरच. आमच्याकडे वर छप्पर उघडणाऱ्या लँड क्रूझर होत्या, एका गाडीत सहा जण, प्रत्येकाला खिडकी. इथपर्यंत उत्तम. पण त्या सहा जणांची आवड जुळते की नाही, हे बुकिंगच्या वेळी कुणी विचारत नाही. मारा नदीच्या काठावर, पलीकडे जायला, हजारो विल्डबीस्ट (गाईसारखे दिसणारे, हरणांच्या जवळचे प्राणी) जमले होते. पुढचे पाण्यापर्यंत उतरायचे, बिचकायचे, मागे फिरायचे. आम्ही दोन तास थांबलो. मग गाडीतल्या चौघांना जेवणाची वेळ गाठायची होती, आम्ही दोघीच थांबू म्हणत होतो. निघालो. वीस मिनिटांत ड्रायव्हरच्या रेडिओवर निरोप आला की कळप नदीत उतरला. ती चुटपुट अजून गेलेली नाही. तुम्ही जाल तेव्हा ओळखीचे सहा जण जमवूनच एक गाडी घ्या, आणि नदीवरच्या दिवशी डबे बरोबर द्या असं टूर मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

आमचा ड्रायव्हर मात्र लाखात एक. गवतात कानाचं टोक हललं तरी त्याला सिंहीण कळायची. त्याने आईला स्वाहिली शब्द शिकवले: गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, चहा आणि चपाती तर चाय आणि चपातीच. इंग्रजी न येणारी आई त्या दिवसापासून गाडीत सगळ्यात जास्त बोलू लागली.

मसाई या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या गावाची भेट पॅकेजमध्ये नव्हती, माणशी पंचवीस डॉलर तिथेच द्यावे लागले. आधी शुका, म्हणजे लाल चादरी पांघरलेल्या तरुणांचं उड्यांचं नृत्य, मग लाकडावर लाकूड घुसळून विस्तव. हे सगळं घड्याळ लावून चाललं होतं, मला अवघडल्यासारखं झालं. पण नंतर एका बाईने आम्हाला घरात नेलं. वाकून आत शिरायचं, आत अंधार, मधोमध चूल, एका बाजूला वासरांची जागा. काट्याकुट्यांच्या सांगाड्यावर माती आणि शेण लिंपलेलं, आणि हे घर बायकाच बांधतात. आईने भिंतीवर हात फिरवला आणि खुणेने विचारलं, राख घालता का? तिची उभी हयात गावच्या घराची जमीन सारवण्यात गेलेली. त्या बाईला प्रश्न बरोबर कळला. तिने आईचा हात धरून छताचा एक कोपरा दाखवला, भेगा पडलेला, आणि तळहाताने लिंपायची खूण केली. दोघी हसल्या. एवढ्यात बाहेरून मॅनेजरची हाक आली, खरेदीची वेळ झाली म्हणून.

बाजाराची पन्नास मिनिटं आणि घराची पाच, हे मला आजही पटत नाही. किंमती चौपट सांगतात, निम्म्याहून कमीत येतात, पण ज्या बाईच्या घरी चहा-पाण्याइतकंही बसलो नाही तिच्याशी घासाघीस करताना लाज वाटली. आईने मण्यांचं कडं घेतलं, सांगितल्या किमतीला. रोज घालते, एक मणी सुटलेला नाही. पैसे देण्याआधी गावकऱ्यांना वाटा किती जातो हे मॅनेजरला सगळ्यांसमोर विचारा. आम्ही विचारलं नाही.

कामाच्या काही गोष्टी. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. दाखला नसेल तर भारतात परतताना अडवतात. लस एकदाच, दाखला आयुष्यभर चालतो. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, चकल्या-चिवडा डब्यांत न्या. ऑगस्टच्या पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर आहे, २०२४ पासून. पॅकेजचे आकडे एवढे का फुगतात ते यावरून कळेल.

फोटो दोन हजारांवर काढले, पाहिले असतील चाळीस. त्याऐवजी चांगली दुर्बीण घ्यायला हवी होती. आईला दूरची चित्तीण दिसलीच नाही, पिल्लांसकट बसली होती.

पुन्हा जायचं ठरलंय, जूनमध्ये. या वेळी आई, मी आणि बहिणीचं कुटुंब, सहा जण, एक गाडी. चार रात्री फक्त माराला लागून असलेल्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खासगी जमिनीवरच्या संरक्षित रानात. तिथली जमीन मसाई कुटुंबांची, तिचं भाडं त्यांना मिळतं, गाड्या मोजक्या असतात, आणि राखीव क्षेत्रात परवानगी नसलेली पायी भटकंतीही करता येते. केनियात मार्च ते मे मोठा पाऊस. परवा आईने विचारलं, तो छताचा कोपरा लिंपला असेल ना तिने?